चार डॉक्टर, बारा गोळ्या: विचारायचं कुणाला?

*“माझे सासरे ७२ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकलाय. बीपी आणि शुगर जुनीच, तरी एकादशी आणि संकष्टी करतात. गुडघ्यांसाठी हाडांचे डॉक्टर, प्रोस्टेटसाठी युरॉलॉजिस्ट. सगळं मिळून दिवसाला बारा गोळ्या होतात (यादी सोबत जोडली आहे). दोन महिन्यांपासून दोन्ही पाय घोट्याशी सुजतात, त्यावर फॅमिली डॉक्टरांनी (ते एमडी मेडिसिन आहेत) लघवीची गोळी सुरू केली. रात्री उठले की चक्कर येते, एकदा बाथरूमच्या दारात पडता पडता वाचले. हार्टच्या डॉक्टरांना गुडघ्याच्या गोळीबद्दल विचारलं तर ‘ते त्यांनाच विचारा’ म्हणाले. सासूबाई म्हणतात, डॉक्टरांना असले प्रश्न विचारायचे नसतात. आता सासऱ्यांनी मनानेच काही गोळ्या अर्ध्या करायला सुरुवात केलीय. यातल्या कुठल्या बंद करता येतील? आणि डॉक्टर न चिडता हे विचारायचं कसं?” – एक सून, कराड*

ताई,

एक काम आजच करा. अर्ध्या होणाऱ्या गोळ्यांमध्ये ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलची एकत्र कॅप्सूल, म्हणजे ‘रक्त पातळ करायची गोळी’, नाही ना ते बघा. ती मनाने थांबवली किंवा दिवसाआड घेतली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. ही जोडी साधारण वर्षभर चालते आणि पुढे बहुतेकांना एकच गोळी राहते, पण ती तारीख हार्टचे डॉक्टर ठरवतात. दाढ काढायची म्हणून कुणी ‘चार दिवस बंद ठेवा’ म्हटलं तरी आधी हार्टच्या डॉक्टरांना फोन करायचा. मेटोप्रोलॉल (नाडी आणि बीपी आवरणारी गोळी) हीही एकदम सोडायची नसते. नाडी उसळते, बीपी चढतं, छातीत दुखू शकतं.

आता यादीकडे. चौघांनीही आपापल्या जागी ठीक लिहिलंय, पण बाराच्या बारा गोळ्या एकत्र कुणाच्याच नजरेखालून गेलेल्या दिसत नाहीत. ‘हे बंद करा, ते चालू ठेवा’ असं पत्रातून सांगणं चुकीचं होईल. डॉक्टरांसमोर नेमकं बोट कुठे ठेवायचं, ते मात्र सांगता येतं.

पायांपासून सुरू करू. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर ॲम्लोडिपिन आहे. ॲम्लोडिपिनने घोट्याशी सूज येणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. दोन्ही पायांना येते, संध्याकाळपर्यंत वाढते, रात्री झोपून सकाळी उतरते, आणि डोस वाढला की वाढते. ही सूज अंगात जास्त पाणी साठल्यामुळे नसते. बारीक रक्तवाहिन्या सैल पडून पाणी खाली पायात झिरपतं. त्यामुळे लघवीच्या गोळीने ती फारशी हटत नाही. लघवी मात्र वाढते, बीपी आणखी खाली येतं, सोडियम-पोटॅशियम हलतं. म्हणजे एका गोळीच्या त्रासावर दुसरी गोळी, आणि दुसरीच्या त्रासावर उद्या तिसरी. तुमच्याकडे हेच झालंय की स्टेंटच्या पेशंटचं हृदय थकल्याची ही सूज आहे, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. म्हणून विचारायचं असं: “ही सूज बीपीच्या गोळीने असू शकते का? हृदयाची किंवा किडनीची नाही, हे कशावरून ठरवायचं?” सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल, किंवा उताणं झोपल्यावर धाप लागत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी न्या.

सगळ्यात जास्त काळजी गुडघ्याच्या गोळीची वाटते. ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी सकाळ-संध्याकाळ, तीही पाच महिने सलग. ॲसिक्लोफेनॅक अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, बीपी वाढवतं, आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढवतं. हृदयविकार असलेल्यांना ती शक्यतो देतच नाहीत. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ॲसिक्लोफेनॅक ही तिघं एकत्र आली की किडनीवर तीन बाजूंनी ताण येतो. एरवी शरीर निभावून नेतं, पण जुलाब-उलट्या झाल्या किंवा मे महिन्यात पाणी कमी प्यायलं गेलं की चार दिवसांत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) चढतं. हाडांच्या डॉक्टरांनी ही गोळी लिहिली तेव्हा लघवीची गोळी सुरूच झाली नव्हती. स्टेंटबद्दल त्यांना कुणी सांगितलं होतं का, हे घरात विचारून बघा. बहुतेक घरांत उत्तर ‘त्यांनी विचारलंच नाही’ असं येतं.

ॲसिडिटीच्या गोळ्या दोन आहेत. पँटोप्रॅझोल हार्टच्या डॉक्टरांची, रॅबेप्रॅझोल-डॉमपेरिडॉन हाडांच्या डॉक्टरांची. दोन्हींचं काम एकच, एक पुरते. डॉमपेरिडॉन साठीपुढच्या आणि हृदयाचा त्रास असलेल्या माणसात ठोके बिघडवू शकतं, म्हणून दोघांतली कुठली जावी याचा कौल जवळजवळ लागलेलाच आहे. पण ‘ॲसिडिटी तर नाही’ म्हणून सासऱ्यांनी दोन्ही सोडल्या तर ते वाईट. या वयात ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असताना पोटाला जखम होऊ नये म्हणून ती गोळी दिलेली असते, ढेकरांसाठी नव्हे. आणि परस्पर बदलून ओमेप्रॅझोल आणू नका, ते क्लोपिडोग्रेलचा असर कमी करतं.

रात्रीची चक्कर. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन झोपताना घेतात आणि ती उभं राहिल्यावर बीपी खाली आणते. त्यात टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल आणि लघवीची गोळी. लघवीची गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर रात्री उठणंही वाढतं आणि उठल्यावर पडणंही. ती सहसा सकाळी देतात. तुमच्या यादीत तिच्यापुढे वेळच लिहिलेली नाही.

आणखी एक बाब यादीत नाही, पण पत्रात जाता जाता आलीय: सासरे एकादशी आणि संकष्टी करतात. त्यांच्या शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड आहे. पोटात अन्न नसलं तरी ग्लिमेपिराइड शुगर उतरवत राहतं. उपासाच्या दिवशी गोळी नेहमीसारखी घ्यायची की कमी करायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून घ्या. घाम, थरथर, बडबड, भलतंच वागणं दिसलं तर आधी शुगर बघा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग खाणं. मेटोप्रोलॉलमुळे थरथर आणि धडधड झाकली जाते, कधी नुसता घामच दिसतो. आणि या गोळीचा असर लांबतो, त्यामुळे बरं वाटलं तरी दिवसभर लक्ष ठेवायचं.

अर्ध्या गोळ्यांचं आधी सांगा

हे घरातच राहतं, कारण सासऱ्यांना ओरडा खायचा नसतो. पण त्याचा हिशेब असा होतो: अर्धी गोळी खाऊन बीपी १६० येतं, डॉक्टरांना वाटतं गोळी पुरत नाही, ते डोस वाढवतात. मग सुट्टीत मुलगी येते, सगळं नीट वेळेवर देते, आणि बीपी १०० वर. शुगरच्या बाबतीत असंच झालं तर माणूस बेशुद्ध पडतो. डॉक्टरांना फक्त एवढं सांगायचं: “गेले तीन आठवडे ही, ही आणि ही गोळी अर्धी घेतलीय, चक्कर येत होती म्हणून.” कारणासकट सांगितलं की बहुतेक डॉक्टर रागावत नाहीत, उलट त्यांना धागा मिळतो.

शिवाय सगळ्या गोळ्या मोडायच्या नसतात. पट्टीवर एसआर, ईआर, एक्सएल किंवा सीआर लिहिलं असेल तर औषध सावकाश सुटावं अशी ती गोळी बनवलेली असते. मेटफॉर्मिन बहुधा याच प्रकारातलं असतं. मोडली किंवा कुटली तर दिवसभराचं औषध लवकर सुटू शकतं. काही मेटोप्रोलॉलच्या गोळ्यांवर मधोमध खाच असते, तिथून अर्धी करता येते, पण डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि चावून तर नाहीच. टॅमसुलोसिनची कॅप्सूल उघडायची नाही.

कागद कसा करायचा

फाईल नेऊ नका, म्हणजे न्या, पण टेबलावर फाईल उघडून ‘बघा ना डॉक्टर’ म्हणू नका. चाळीस पेशंट बाहेर बसलेले असताना कुणीही ती चाळणार नाही. एक पान लागतं.

घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा: डब्यातल्या, फ्रिजवरच्या, सासऱ्यांच्या उशाखालच्या, आणि ज्या ‘कधीतरी’ घेतात त्याही. मेडिकलवाले पट्टी कापून देतात तेव्हा नाव आणि एक्सपायरी दुसऱ्याच्या तुकड्यावर जाते. यापुढे कापताना नाव असलेला भाग मागा, नाहीतर अख्ख्या पट्टीचा फोटो काढा. मग प्रत्येक गोळीसाठी एक ओळ: ब्रँडचं नाव, आतल्या औषधाचं नाव (पट्टीच्या मागे बारीक अक्षरात असतं), किती मिलिग्रॅम, कधी, जेवणाआधी की नंतर, कुणी लिहिली, कधीपासून, आणि प्रत्यक्षात कशी घेतात. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. अक्षर वाचता येत नसेल तर काही ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड असतो (१ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडना तो बंधनकारक आहे), तो मोबाइलवर धरला की आतल्या औषधाचं नाव येतं.

चिठ्ठीवरच्या खुणा: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. एसओएस म्हणजे लागली तरच. गुडघ्याच्या गोळीपुढे काय लिहिलंय ते मूळ चिठ्ठीवर एकदा बघाच. दहा दिवसांसाठी किंवा एसओएस लिहिलेली दुखण्याची गोळी मेडिकलमधून महिनोन्‌महिने ‘तीच द्या’ म्हणून आणली जाते, हे फार होतं. तसं असेल तर हाडांच्या डॉक्टरांनी काही चुकवलेलंच नाही.

यादीच्या खाली चिठ्ठीबाहेरचं सगळं. तापाची ६५० ची गोळी लिहा, कारण गुडघ्याच्या गोळीतही पॅरासिटामॉल आहे आणि दोन्हींची बेरीज होते. सासूबाईंचा काढा लिहा. त्यात ज्येष्ठमध रोज पडत असेल तर त्याने बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. कमी सोडियमचं मीठ वापरत असाल तर तेही. त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनबरोबर ते वाढू शकतं. (सैंधव वेगळं. ते बहुतांशी साधं मीठच, बीपीला सूट नाही.) मेथी, कारल्याचा रस, कुणी दिलेली बिननावाची पुडी. पुडीचं ‘आयुर्वेदिक आहे’ एवढंच माहीत असेल तर तसंच लिहा. डॉक्टर हसले तर हसू द्या.

पानाच्या मागे बीपी. सात दिवस, सकाळी गोळ्यांआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी. पाच मिनिटं खुर्चीला टेकून शांत बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. त्यातल्या दोन दिवशी आणखी एक: झोपलेले असताना मोजा, मग उभे राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. तुम्ही शेजारी थांबा, मागे पलंग असू द्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर चक्करेचं कारण डॉक्टरांना कागदावरच दिसेल. या एका तक्त्याने जे होतं ते ‘चक्कर येते हो’ म्हणून होत नाही.

कुणाकडे आणि कसं बोलायचं

चौघांना चार प्रश्न विचारत फिरू नका. पूर्ण यादीची जबाबदारी घेणारा एक डॉक्टर लागतो, आणि तुमच्या बाबतीत तो फॅमिली डॉक्टरच. बीपी, शुगर, लघवीची गोळी तिन्ही त्यांच्याच आहेत आणि ते एमडी मेडिसिन आहेत असं तुम्ही लिहिलंय. जाण्याआधी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन करून घ्यावं का, हे त्यांच्या दवाखान्यात फोन करून विचारा. किडनीच्या आकड्यावर मेटफॉर्मिनचा डोसही ठरतो, त्यामुळे रिपोर्ट हातात असला तर एक फेरी वाचते. नंबर लावताना कंपाउंडरला सांगा की आज तपासणीबरोबर गोळ्यांबद्दल बोलायचंय, शेवटचा नंबर दिला तरी चालेल. बाजाराच्या दिवशी जाऊ नका.

आत गेल्यावर पहिलं वाक्य ठरवून जा, कारण डॉक्टर आधी ‘काय म्हणताय आजोबा’ म्हणतील, आजोबा ‘बरं आहे’ म्हणतील आणि स्टेथोस्कोप कानाला लागेल. म्हणून बसता बसताच: “डॉक्टर, चौघांच्या मिळून बारा गोळ्या झाल्यात, त्या एकत्र कुणी बघितलेल्या नाहीत. ही यादी. पाय सुजतात आणि रात्री चक्कर येते, यातली कुठली गोळी कारण असू शकेल?”

“एवढ्या गोळ्या लागतातच का?” असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ असतं, आणि ऐकणाऱ्याला तो अविश्वास वाटतो. एका वेळी एका गोळीबद्दल विचारलं की उत्तर मिळतं. ही कशासाठी, किती दिवस, चालते आहे की नाही हे कशावरून कळणार, आणि बंद करायची झाली तर एकदम की हळूहळू? बाराही गोळ्यांबद्दल हे विचारायला बसू नका. वरच्या चार जागा पुरे.

सासऱ्यांना बोलू द्या. मुलगा-सून भरभर बोलतात, पेशंट गप्प बसतो, आणि घरी आल्यावर म्हणतो, ‘मला विचारलंच नाही’. गोळ्या त्यांनाच खायच्या आहेत. चक्कर कशी येते, घर फिरतं की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे त्यांनीच सांगायला हवं. प्रोस्टेटचं सुनेसमोर बोलायला त्यांना अवघड वाटत असेल तर तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबा.

निघताना उजळणी करा: “बघा बरोबर आहे का: रॅबेप्रॅझोल बंद, लघवीची सकाळी, गुडघ्याची थांबवून पुन्हा दाखवायचं.” यात चूक निघाली तर तिथेच निघते. बदल चिठ्ठीवर लिहून मागा. न कळणारं अक्षर असेल तर औषधाचं नाव ठळक लिहून मागण्यात आगाऊपणा काही नाही. औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं, असं मेडिकल कौन्सिलच्या नियमातच २०१६ साली आलंय.

‘ते त्यांनाच विचारा’ याचं काय? हार्टच्या डॉक्टरांचं एका परीने बरोबर आहे. दुसऱ्याची गोळी न बघता बंद करणं त्यांनाही नको असतं. म्हणून तिथे प्रश्न त्यांच्या हद्दीतला करा: “स्टेंटच्या गोळ्यांबरोबर ॲसिक्लोफेनॅक चालेल का? चालत नसेल तर हाडांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठीवर एक ओळ लिहाल का?” हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न दारात उभं राहूनही सुटतो. ती ओळ आणि अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जा आणि तिथे ‘गोळी बंद करा’ म्हणण्याऐवजी “ही चालत नाही म्हणतात, गुडघ्यासाठी दुसरं काय करता येईल?” असं विचारा. नुसतं पॅरासिटामॉल, वरून लावायचं जेल, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, काठी, गुडघ्यात इंजेक्शन असे पर्याय त्यांच्याकडे असतात. दुखणं राहिलं तर सासरे गुपचूप मेडिकलमधून जुनी पट्टी आणतील, हे त्यांनाही सांगा. डिस्चार्ज कार्ड सापडत नसेल तर हॉस्पिटलकडे लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

डॉक्टर खरंच खेकसले तर? “बरं, मग यासाठी कधी येऊ?” एवढंच म्हणा. वेगळी वेळ घेऊन, वेगळी फी देऊन गेलं की बहुतेकांचा सूर बदलतो. दोनदा असं करूनही यादी बघायलाच तयार नसतील तर फॅमिली डॉक्टर बदला. सासूबाईंचा मान ठेवून सांगतो, विचारणं म्हणजे उलट बोलणं नव्हे, आणि गोळ्या लपवून अर्ध्या करण्यापेक्षा तर ते कितीतरी बरं.

काळी, डांबरासारखी शी, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, रात्री धाप, यांपैकी काहीही झालं तर यादी हातात घ्या आणि १०८ ला फोन करा.

बदल एका वेळी एक-दोनच होतील, सगळे एकदम नाही. तसं असलं की काय कशाने झालं ते कळतं. ॲम्लोडिपिन कमी केली किंवा बदलली तर सूज उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तिसऱ्या दिवशी निराश होऊ नका. त्या काळात बीपी मोजत राहा आणि किती आलं तर फोन करायचा, तो आकडा आधीच विचारून ठेवा.

आणि नवी चिठ्ठी घेऊन घरी आलात की त्याच दिवशी बंद झालेल्या पट्ट्या डब्यातून काढा. ‘एवढ्या महागाच्या, संपेपर्यंत खातो, वाया कशाला घालवायच्या’ हे तुमचे सासरे म्हणणारच. न उघडलेल्या, मुदतीतल्या पट्ट्या बिलासकट नेल्या तर अनेक मेडिकलवाले परत घेतात. बाकीच्या त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा, आणि जुन्या यादीवर काट मारून नवीवर तारीख टाका.